सुरी न लागलेला रविवार

मित्रांनो, मी एक जुना स्लो कुकर आहे. तुम्ही घाईत असाल तर माझी गोष्ट आत्ता ऐकू नका, कारण घाई मला जन्मात जमली नाही. पहाटे पाचला माझ्यात घातलेली वस्तू दुपारी एकला बाहेर येते. तेवढ्या वेळात इतर भांडी चारदा घासून-पुसून फळीवर जाऊन बसलेली असतात. पण त्या आठ तासांत माझ्या पोटात जे घडते, ते मी शेकडो वेळा पाहिले आहे आणि अजूनही दर वेळी थक्क होतो.

माझे पोट मातीचे आहे. कपबश्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कुंभारांच्या एका शहरात ते घडले, दोनदा भट्टीत भाजले गेले आणि त्यावर तपकिरी झिलई चढली. मग त्याच्याभोवती पत्र्याचा अंगरखा आला. त्या पत्र्यावर नारिंगी फुले आहेत. त्या काळी ती फॅशन होती, आता लोक बघून हसतात. हसू देत. माती आणि पत्रा यांच्या मधून एक तार फिरते, ती तापते. किती तापते म्हणाल, तर एखाददुसऱ्या मोठ्या दिव्याइतकीच. डोक्यावर जड काचेचे झाकण आणि पुढे एक बटण: बंद, मंद, जास्त. एवढाच माझा संसार.

एकोणीसशे एकोणऐंशी साली मी यॉर्कशायरच्या डोंगरातल्या गिलबेक गावी, क्लिफर्ड आणि मेव्हिस रेडशॉ यांच्या घरी आलो. मेव्हिस गावच्या चॅपलमध्ये दर रविवारी ऑर्गन वाजवायची. प्रवचन कितीही लांबले तरी शेवटचे भजन वाजवल्याशिवाय तिला उठता येत नसे, आणि तोवर घरी ओव्हनमध्ये रविवारच्या बीफचा कोळसा होई. तिच्या ऑर्गनच्या सेवेला पंधरा वर्षे झाली, तेव्हा चॅपलच्या बायकांनी मिळून मला तिच्या हाती ठेवले.

"प्रवचनाला काही आपण आवर घालू शकत नाही," त्यांच्यातली एक म्हणाली. "निदान बीफ तरी वाचवू."

तिचा नवरा क्लिफर्ड हा दगडी बांध रचणारा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. डोंगराच्या उतारावर त्याने रचलेले बांध मैलोन्‌मैल गेले आहेत आणि त्यांतला एकही ढासळलेला नाही. या कामात एक नियम असतो आणि तो क्लिफर्ड उठता-बसता सांगायचा: उचललेला दगड पुन्हा खाली ठेवायचा नाही. हातात घेतलास ना, मग त्याला जागा शोध. त्याचे हात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला माझा कुंभार आठवला. एवढे राकट हात इतके अलगद चालतात, याचे मला फार नवल वाटले.

रविवारी दुपारी एक वाजता हेच हात वेगळे काम करत. टेबलाच्या टोकाला क्लिफर्ड उभा राही. त्याच्या वडिलांची, हाडाच्या मुठीची सुरी तो पोलादी सळईवर घासून धार लावी. सर्र, सर्र, सर्र. तो आवाज शेजारच्या दोन घरांपर्यंत जायचा आणि तिथली मुलेही हात धुवायला पळायची. मग तो समोरचा अख्खा तुकडा कापायला घेई. कापणे हे त्याचे काम, दुसऱ्या कुणाचे नाही. चकत्या इतक्या पातळ, की खिडकीसमोर धरली तर पलीकडची टेकडी दिसेल असे तो म्हणायचा. बाहेरची पहिली चकती, खरपूस आणि मिठाने माखलेली, ती सर्वांत चवदार. ती लग्नानंतरच्या पहिल्या रविवारपासून मेव्हिसच्या ताटात जात होती.

अशा घरात माझा पहिलाच रविवार आणि त्यात बाहेरगावचे प्रवचनकार जेवायला येणार होते. मेव्हिसचा माझ्यावर पुरता विश्वास बसला नव्हता. तिने बीफ आदल्या रात्रीच घातले आणि वर बटण 'जास्त'वर ठेवले. मी सांगणार तरी कसे? पंधरा तासांनी तो तुकडा टेबलावर गेला तेव्हा खाटकाने बांधलेल्या दोऱ्याच्या आधाराने तो कसाबसा उभा होता.

क्लिफर्डने सुरीला धार लावली. दोरा कापला. सुरी टेकवली मात्र, सगळा तुकडा पसरून ताटभर झाला.

"हे काय आहे?" त्याने विचारले.

"बीफ," मेव्हिस म्हणाली.

"बीफ होतं."

प्रवचनकार सज्जन होते. चव मात्र उत्तम आहे, असे ते म्हणाले.

"चव असेल हो," क्लिफर्ड म्हणाला. "पण मी कापू काय? सुरी कशाला दिली, चमचा द्यायचा. चमच्याचं जेवण आजाऱ्याला. मी अजून धडधाकट आहे."

त्याने सुरी पुसली आणि म्यानात घातली. मेव्हिसचे कान लाल झाले होते. संध्याकाळी तिने मला घासले, कोरडे केले आणि जिन्याखालच्या कपाटात नेऊन ठेवले. शेजारी नाताळच्या झुरमुळ्यांची पेटी आणि तळ गेलेली एक बादली होती.

मित्रांनो, त्या कपाटात मी एकोणीस वर्षे काढली. राग आला का म्हणाल, तर आला. ज्याने नीट शिजवले त्याला शिक्षा, हा कुठला न्याय? पण राग फार दिवस टिकला नाही, कारण दर रविवारी एक वाजता दाराच्या फटीतून तो आवाज येई. सर्र, सर्र, सर्र. मग खुर्च्या ओढल्याचा आवाज, हसणे, क्लिफर्डची टेकडीवाली बढाई. रेडशॉंची मुलगी लॉर्ना लहान होती ती मोठी झाली, शहरात नोकरीला गेली, रविवारी परत येऊ लागली. मी काही न बघता सगळे ऐकत होतो. त्या आवाजावरून मला कळायचे की बाहेर सारे ठीक आहे.

आणि एका रविवारी तो आवाज आला नाही. पुढच्याही नाही. त्यानंतर महिनाभर घरात अनोळखी पावले, डॉक्टरांचे बोलणे आणि मेव्हिसची दबकी चाल. हळूहळू मला समजले. क्लिफर्डला बांधावर काम करतानाच अर्धांगाचा झटका आला होता. जीभ जराशी जड झाली, पण शब्द शाबूत राहिले. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच.

दवाखान्यातून घरी आल्यापासून तो टेबलाशी आलाच नाही. पुढच्या खोलीत खुर्चीवर, मांडीवर ताटली ठेवून, एकटा जेवायचा. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी. एकदा मेव्हिसने स्वतः बीफ कापून त्याच्याकडे नेले. त्याने म्हणे ताटलीकडे बघितले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. त्या दिवशी ती जिन्यात येऊन बसली, माझ्या कपाटाच्या अगदी दारापाशी. ती रडली नाही. नुसती बसली होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता आणि मला वाटत होते, कुणीतरी हे दार उघडावे.

शुक्रवारी डग्लस खाटकाची गाडी दाराशी येत असे. कपाट पुढच्या दारालगतच, त्यामुळे त्यांचे बोलणे मला स्पष्ट ऐकू यायचे.

"या आठवड्यालाही खिमाच?" डग्लसने विचारले.

"खिमाच दे."

"मेव्हिस, तीस वर्षं मी या घरात अख्खा तुकडा दिलाय. खिमा देताना मलाच लाज वाटते बघ. मी यंत्रावर कापून देऊ का? अगदी पातळ?"

"तेही करून झालं गेल्या महिन्यात. म्हणाला, कापलेलंच आणायचं तर मग मी कशाला हवाय घरात."

"असं बोलला?"

"तस्संच. आणि मला त्याला टेबलाशी आणायचंय, डग्लस. बाकी काही नको. लॉर्ना दर रविवारी शहरातून येते आणि आम्ही दोघी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत गिळतो. तो तिकडे, आम्ही इकडे. असंच चाललं तर मी ऑर्गन सोडून त्याच्या शेजारी मांडीवर ताटली घेऊन बसेन, आणि मग या घरात रविवार असा उरणारच नाही."

"मग असा तुकडा घे, ज्याला सुरीच लागणार नाही," डग्लस म्हणाला. "सीना. छातीकडचा भाग. जनावर उभं असतं ना, तेव्हा बराचसा भार त्यावरच असतो, म्हणून चिवट. ओव्हनमध्ये घाल, चपलेचा तळवा होईल. पण मंद आचेवर आठ तास ठेवलास तर लोण्यासारखा. कुठल्याही हाताला जमेल."

"मंद आच?" मेव्हिस म्हणाली. आणि मग तिने माझ्या कपाटाच्या दारावर बोटांनी टकटक केली.

"काय गं?"

"काही नाही. माझ्याकडे आहे एक."

"आणि त्यात काळ्या बिअरची एक बाटली ओत."

"या घरात दारू येत नाही, ठाऊक आहे ना तुला? मी चॅपलचा ऑर्गन वाजवते."

"मग? ऑर्गनला कुठं वास येतो? हे घे. सीन्याच्या खाली वर्तमानपत्रात काहीतरी आहे. इथं बघू नकोस, आत नेऊन बघ."

गाडी गेली आणि कपाटाचे दार उघडले. एकोणीस वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. मेव्हिसचे केस पांढरे झाले होते. तिने मला दोन्ही हातांनी उचलले, पदराने पुसावे तशी एप्रनने माझी फुले पुसली आणि म्हणाली, "चल बाबा. तुझी चूक नव्हती ती."

रविवारी पहाटे पाचला ती स्वयंपाकघरात उभी होती. तो तुकडा मी पाहिला तेव्हा माझाच धीर सुटला. जाड, आडवा-तिडवा, पांढऱ्या शिरांनी घट्ट विणलेला, दोऱ्याने करकचून आवळलेला. हा मऊ होणार? मेव्हिसने त्याला मीठ, मिरी आणि पीठ चोळले, तव्यावर चरबीत सगळ्या बाजूंनी तांबूस परतले. माझ्या तळाशी कांद्याचे जाड काप, गाजरे, एक तमालपत्र. त्यावर तुकडा. मग तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला, शेजारी बघत असतील म्हणून, आणि वर्तमानपत्रातली बाटली माझ्यात रिकामी केली. बटण 'मंद'वर.

पहिले दोन तास काहीच झाले नाही. मांसाने उलट अंग आणखी चोरले. तीन तासांनी रस सुटू लागला. झाकणावर वाफेचे थेंब जमले, कडेने ओघळले आणि परत आत गेले. माझ्यातले काही वाया जात नाही, मित्रांनो, वर गेलेले खाली येते. आणि मग त्या पांढऱ्या शिरा, ज्यांच्यापुढे सुरीने हात टेकले असते, त्या आपोआप विरघळू लागल्या. कुणी ठोकले नाही, ओढले नाही, उकळीसुद्धा फुटली नाही. ज्या चिवटपणावर त्या जनावराने जन्मभर आपला भार पेलला, तोच चिवटपणा रस होऊन कांद्यांत उतरत होता. हे मी करत होतो की माझ्याकडून होत होते, मला सांगता येणार नाही. मी नुसता ऊब धरून होतो.

नऊला लॉर्ना शहरातून आली. साडेनऊला मेव्हिसने पुढच्या खोलीत जाऊन क्लिफर्डला सांगितले की तिथली शेकोटी पेटत नाहीये, तेव्हा त्या दोघी चॅपलहून येईपर्यंत त्याने स्वयंपाकघरात उबेला बसावे. शेकोटीला काहीही झालेले नव्हते. ऑर्गन वाजवणारी बाई धडधडीत खोटे बोलत होती.

क्लिफर्ड काठी टेकत आला आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला. मी त्याला आणि त्याने मला एकोणीस वर्षांनी बघितले.

"हा अजून आहे?" तो म्हणाला.

"आहे. आणि ऐक, झाकण उचलायचं नाही," मेव्हिस टोपी घालता घालता म्हणाली. "एकदा उचललंस की सगळं वीस मिनिटं मागे जातं."

"म्हणजे मी भांड्याचा पहारा करायचा."

"का? दुसरीकडे कुठं जायचंय का तुला?"

लॉर्नाने दचकून आईकडे पाहिले. पण क्लिफर्डच्या तोंडाची चांगली बाजू किंचित वर उचलली गेली. "नाही," तो म्हणाला. "आज मोकळाच आहे."

त्या दोघी गेल्या आणि आम्ही दोघे उरलो. बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. तिथून त्याचा शेवटचा बांध दिसतो, अर्धा राहिलेला. मग त्याला वास आला. मी बघत होतो ना, त्याची मान वळली. तो खुर्ची घासत पुढे आला. डावा हात उठला आणि माझ्या झाकणाच्या मुठीवर येऊन थांबला.

माझ्या तारेत धडकी भरली. त्याने झाकण उचलले असते तर वाफ निघून गेली असती, एक वाजता तुकडा अजून जरा चिवट राहिला असता, आणि मेव्हिसला पुन्हा सुरीकडे वळावे लागले असते. सगळा खेळ त्याच्याच पाच बोटांत होता आणि त्याला ते माहीत नव्हते.

पण त्याने झाकण उचलले नाही. तो खाली वाकला आणि काचेतून आत बघू लागला. ओघळणाऱ्या दोन थेंबांच्या मधून त्याला दोरा दिसला असावा. पहाटे करकचून आवळलेला दोरा आता सैल लोंबत होता.

"बसतंय," तो हळूच म्हणाला.

बांध रचणारी माणसे हा शब्द वापरतात. बांध रचून झाला की पहिल्या हिवाळ्यात तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो, दगड दगडात शिरतो आणि मगच तो खरा बांध होतो. त्या वेळी त्याला हात लावायचा नसतो. क्लिफर्डने हात मागे घेतला.

मग त्याने एक गोष्ट केली, जी मी कधी विसरणार नाही. मांडीवर पडलेला आपला उजवा हात त्याने डाव्या हाताने उचलला, एखादा दगड उचलावा तसा, आणि माझ्या अंगावर, त्या नारिंगी फुलांवर ठेवला. तो हात थंडगार होता. बोटे वळलेली, गप्प. तो बसून राहिला. घड्याळाची टिकटिक आणि माझी अगदी बारीक बुडबुड, याखेरीज घरात आवाज नव्हता. दहा मिनिटे गेली, वीस गेली.

"कोमट," तो म्हणाला.

एवढेच. बोट हलले नाही, काही चमत्कार झाला नाही. पण ज्या हाताचे त्याने नावच टाकले होते, त्या हाताला माझी ऊब कळली होती. माझ्या साध्या तारेने एवढे केले? मला स्वतःचेच अप्रूप वाटले आणि आतल्या आत मी गहिवरलो. त्या दोघी परत येईपर्यंत तो हात तिथेच होता.

एक वाजता लॉर्नाने टेबल मांडले. मेव्हिसने माझे झाकण उचलले, दोन मोठ्या पळ्यांनी तुकडा उचलून थाळीत ठेवला आणि ती थाळी टेबलाच्या टोकाला, रिकाम्या खुर्चीसमोर नेऊन ठेवली. क्लिफर्डच्या खुर्चीपासून ती जागा दोन पावलांवर होती.

"मी तिकडे जेवतो," क्लिफर्ड म्हणाला.

"शेकोटी बंद आहे," मेव्हिस म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितले. तिने नजर हलवली नाही, पण तिचे कान लाल झाले. तो उठला, काठी टेकली, दोन पावले चालला आणि आपल्या खुर्चीत बसला.

समोर तुकडा. वर अजून दोरा. थाळीशेजारी मेव्हिसने दोन वस्तू ठेवल्या होत्या, डाव्या बाजूला: वडिलांची सुरी आणि मोठा वाढायचा चमचा. लॉर्ना कात्री घेऊन दोरा कापायला पुढे झाली. मेव्हिसने टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला.

क्लिफर्डने डाव्या हाताने दोऱ्याचे टोक धरले आणि ओढले. मांस आक्रसले होते, दोऱ्याला धरायला काही उरलेच नव्हते. तो न कापता, सहज, सगळा निघून आला.

मग त्याचा हात सुरीपाशी गेला. तिथे थांबला. मी ओट्यावरून बघत होतो आणि मला त्याचेच शब्द आठवत होते. चमच्याचे जेवण आजाऱ्याला. त्यालाही आठवत असणार, कारण तो म्हणाला, "या भांड्याला मी एकदा काहीतरी बोललो होतो."

"बोलला होतास," मेव्हिस म्हणाली.

त्याने चमचा उचलला. डावा हात, सवय नसलेला. चमचा थरथरला आणि थाळीच्या कडेवर वाजला.

"बाबा, मी वाढू का?" लॉर्ना न राहवून म्हणाली. "ठेवा तो खाली, मी करते."

"उचललाय मी," क्लिफर्ड म्हणाला. "आता खाली ठेवत नाही."

त्याने चमच्याची कड तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवली आणि दाबली. मित्रांनो, जोर लागलाच नाही. जाड, खरपूस, तांबूस काठ अलगद सुटला आणि चमच्यात येऊन बसला. थरथरता चमचा टेबलावरून निघाला. रश्श्याचे दोन थेंब पांढऱ्या कापडावर पडले. चमचा मेव्हिसच्या ताटापर्यंत पोचला आणि तो बाहेरचा, पहिला तुकडा तिच्या ताटात उतरला.

मेव्हिसने मान खाली घातली. दवाखान्यात, जिन्यात, कुठेही न रडलेली ती बाई आता रडली आणि रडत रडतच जेवू लागली. क्लिफर्डने लॉर्नाला वाढले, मग स्वतःला. तो शेवटी घ्यायचा, तसाच.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "शेकोटीला काही झालेलं नाही ना?"

"नाही."

"आणि या रश्श्यात काहीतरी आहे."

"कांदे आहेत," मेव्हिस म्हणाली.

"कांदे," क्लिफर्ड म्हणाला आणि ताट पुढे केले. "मग आणखी थोडे कांदे वाढ."

पुढच्या रविवारी मी पुन्हा ओट्यावर होतो. एक वाजायला आला, तसा क्लिफर्ड टेबलाशी येऊन म्हणाला, "सळई आण."

"कशाला? कापायला काही नाही आज," मेव्हिस म्हणाली.

"एक वाजला. शेजारच्यांना कळायला नको?"

तिने दोन्ही हातांनी सळई उभी धरली आणि त्याने डाव्या हाताने सुरी तिच्यावर घासली. पहिल्यांदा वाकडी गेली, दुसऱ्यांदा जमली. सर्र, सर्र, सर्र. शेजारच्या घरात एक खिडकी उघडली आणि कुणीतरी म्हणाले, "क्लिफर्ड!" एवढेच. मी तो आवाज एकोणीस वर्षे दाराआडून ऐकला होता. त्या दिवशी तो होताना मी पुन्हा डोळ्यांनी पाहिला. चार हात लागले त्याला.

त्या सुरीने पुढे नऊ वर्षांत एकही तुकडा कापला नाही, पण रविवारी तिला धार लागली नाही असे झाले नाही. मग क्लिफर्ड गेला. काही वर्षांनी मेव्हिसही गेली. मी आता लॉर्नाच्या घरी आहे. माझी वायर दोनदा बदलली. झाकणाची मूठ तुटली, तिच्या जागी शिवणाच्या दोऱ्याचे लाकडी रीळ बसवले आहे. फुले जवळपास पुसली गेली. लॉर्नाच्या मुलांचे मित्र मला बघून हसतात, आणि तुकडा खाऊन झाल्यावर हसायचे थांबतात.

मित्रांनो, मी आता थकलो आहे, म्हणून एवढेच मागतो. माझ्यासारखे भांडे तुमच्या घरी असेल तर गरम पोटावर गार पाणी ओतू नका, माती तडकते. एखाद्याने एकदा बिघडवले म्हणून त्याला कपाटात कोंडू नका, निदान बटण कुणी फिरवले होते ते आठवून बघा. आणि तुमच्या घरात कुणी गप्प होऊन, पाठ फिरवून बसले असेल, तर घडीघडी झाकण उचलून बघू नका. जवळ बसा, ऊब धरा, त्याला त्याचा वेळ घेऊ द्या.

आज रविवार आहे. पहाटेपासून माझ्या पोटात सीना शिजतो आहे आणि दोरा सैल पडू लागला आहे. लॉर्ना टेबल मांडते आहे. आता तिची धाकटी मुलगी सळई धरेल आणि लॉर्ना डाव्या हाताने सुरी घासेल, खरे तर तिचा उजवा हात चांगला आहे. तो आवाज आला की तुम्हीही हात धुऊन या.